अजून कोणी राहिलंय का?

१

छोटी चोपन्न वर्षांची होती. ताई एकसष्टची. पण सात वर्षांचं अंतर एकदा पडलं ते पडलं, आणि ताईच्या तोंडातून "छोटी" काही सुटलं नाही. शाळेत तिसरीच्या वर्गाला धाकात ठेवणाऱ्या, प्रसंगी मुख्याध्यापकांनाही दोन शब्द सुनावणाऱ्या बाईंना घरात पाऊल टाकलं की "छोटी, चपला सरळ ठेव" ऐकावं लागे. दोघींनीही लग्न केलं नव्हतं. का नाही असं कोणी विचारलं की ताई म्हणायची, "हिला कोण सांभाळणार म्हणून मी नाही केलं," आणि छोटी म्हणायची, "हिला दुसरं कोण सहन करणार म्हणून मी नाही केलं." पाहुण्यांसाठी बसवलेला हा प्रवेश दोघींनी तीस वर्षं न कंटाळता केला होता.

मग साथ आली. शाळा बंद झाल्या आणि आरोग्य खात्याने शिक्षकांना फोनवर बसवलं. छोटीच्याच शाळेचा मोठा हॉल, बारा टेबलं, बारा फोन, दर दोन टेबलांत सहा फुटांचं अंतर. ज्याची तपासणी पॉझिटिव्ह आली त्याला फोन करायचा, गेल्या चौदा दिवसांत तो कोणाकोणाला भेटला ते विचारून नावं फॉर्मवर उतरवायची, मग त्या नावांना फोन करायचे, की घरात बसा, तपासून घ्या, आणि तुम्ही कोणाला भेटलात ते सांगा. आरोग्य निरीक्षक साहेब दिवसातून दहा वेळा हॉलमध्ये फेरी मारून "साखळी तोडा, बाई, साखळी तोडा" म्हणत. एवढं म्हणून ते स्वतःच दमून खुर्चीत बसत. माणूस भला होता, पण महिनाभर झोपलेला नव्हता.

लोक खोटं बोलत नसत, विसरत. त्यावर छोटीने आपली एक युक्ती काढली होती. तिसरीच्या मुलांकडून कविता पाठ करून घेताना ती त्यांना मनातल्या मनात घरभर फिरवायची, दारात पहिली ओळ, मोरीत दुसरी. तेच तिने इथे चालवलं. "डोळे मिटा. दारातून आत या. चपला काढल्या? आता उजव्या हाताला काय आहे? तिथे कोणी बसलं होतं का?" आणि "कोणीच नाही हो" म्हणणाऱ्या माणसाला धडाधड माणसं सापडत. नळ दुरुस्त करायला आलेला, पडद्याचं माप घ्यायला आलेली, पाच मिनिटं म्हणून येऊन दोन तास बसलेला साडू. सगळं झालं की फॉर्मवर छापलेला शेवटचा प्रश्न, "अजून कोणी राहिलंय का?" तिच्या टेबलावरून निघालेली नावं हॉलमध्ये सगळ्यांत जास्त असत.

घरी मात्र तिची कडक शिस्त होती. ताईला नवव्या वर्षापासून दमा. डॉक्टरांनी साथीच्या पहिल्याच आठवड्यात सरळ सांगितलं होतं, "यांना झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." तेव्हापासून ताई आतल्या खोलीत आणि छोटी बाहेरच्या. छोटी आली की थेट न्हाणीघरात, डोक्यावरून अंघोळ, मग ओले केस मोकळे सोडून खांद्यावर टॉवेल टाकून बाहेरच्या पलंगावर बसायची. आतलं दार चार बोटं उघडं. त्या चार बोटांतून दोघी दिवसभराचं बोलत, भांडत, आणि झोपताना एकमेकींना "खोकलीस का गं?" विचारत.

२

घड्याळजींचा फॉर्म एका मंगळवारी सकाळी आला. वय अठ्ठ्याहत्तर, धंदा घड्याळदुरुस्ती, राहायला दुकानामागची खोली, घरात माणसं एक. फोनवर त्यांच्या मागून इतकी टिकटिक येत होती की छोटीला आवाज चढवावा लागला.

"कोणालाच भेटलो नाही हो, बाई. सामान दारात ठेवून जातात. मी दहा मिनिटं थांबतो, मग दार उघडतो."

"बरं काका, डोळे मिटा. दारातून आत या."

ते शहाण्या मुलासारखे आत आले. काउंटर. भिंतीवर एकेचाळीस घड्याळं, त्यांतली तीन त्यांची, बाकीची लोकांची, न्यायला कोणी आलंच नाही. मागची खोली. खाट, शेगडी, खिडकी, खिडकीजवळ एक खुर्ची.

"खुर्चीवर कोणी?"

"ती हिची खुर्ची. हिला जाऊन अकरा वर्षं झाली. माफ करा हं, बाई. तुमचा कागद कोराच राहिला माझ्यामुळे."

चौदा दिवसांत आपल्याकडे कोणी फिरकलं नाही म्हणून एक म्हातारा माणूस तिची माफी मागत होता. प्रशिक्षणात त्यांना एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली होती, की आपण होऊन कोणाचं नाव सुचवायचं नाही, रुग्णाला जे आठवेल तेवढंच लिहायचं. पण त्या क्षणी ती तिसरीच्या वर्गातली बाई झाली, रडवेल्या पोराला हसवायला निघालेली.

"असं कसं, काका? नीट बघा बरं. त्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय. कोण आहे, सांगा पाहू."

पलीकडची टिकटिक जरा मंदावल्यासारखी वाटली.

"अरेच्चा," घड्याळजी म्हणाले. "आहे की."

"कोण आहे?"

"पाठमोरी बसली आहे. केस ओले आहेत. ओळखीची आहे हो, आपल्यातलीच. नाव अगदी जिभेवर आहे बघा."

आवाज इतका खूश झाला होता की छोटीला पुढे विचारवेना. तिने फॉर्मवर लिहिलं, "एक स्त्री, नाव आठवत नाही." रिकाम्या रकान्यापेक्षा ते बरं दिसत होतं.

रुग्णाला रोज एक फोन करायचाच असे. दुसऱ्या दिवशी घड्याळजी म्हणाले, "बसली आहे अजून. फार विचारपूस करते. अजून कोण आहे तुमचं, म्हणाली. मी सांगितलं, एक पुतण्या आहे, पण नऊ वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही."

संध्याकाळी छोटीने ही गंमत दाराच्या फटीतून ताईला सांगितली. ताई आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आली होती. तिला गंमत वाटली नाही.

"माणसाच्या तोंडात शब्द घातलास तू, छोटी?"

"शब्द कुठे? अख्खी बाई घातली."

"हसू नकोस. मूळ प्रतीत नाही ते घालायचं नाही. आमच्याकडे तेवढ्यासाठी माणसं कामावरून जायची."

"बरं बाई, चुकलं."

"आणि केस पूस नीट. सर्दी होईल."

३

गुरुवारी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना छोटीने घरातून फिरवलं. मशीनजवळ मुलगी, ओट्याशी जाऊबाई.

"आणि ती," बाई म्हणाल्या.

"कोण ती?"

"ती नाही का... खिडकीशी पाठमोरी बसलीय. आत्ताच न्हाऊन आल्यासारखी. खांद्यावर टॉवेल. अहो, आपलीच आहे, नाव आठवेल आता."

छोटीने खिडकीचं नाव काढलं नव्हतं, खुर्चीचंही नाही. तिने फॉर्मवर तेच लिहिलं, कारण दुसरं काय लिहिणार?

शनिवारी शाळेच्या ग्रंथपाल बाई तिच्या टेबलाशी आल्या. त्या शेजारच्या टेबलावर होत्या आणि सवयीने सगळ्यांचे फॉर्म क्रमाने लावून ठेवत. दोघींची वीस वर्षांची मैत्री.

"अगं, ही 'एक स्त्री, नाव आठवत नाही' कोण? सहा फॉर्मवर आहे."

"सहा?"

"आणि सहाही तुझ्याच टेबलाचे. बाकी अकरा टेबलांवर एकसुद्धा नाही."

छोटीने खरं ते सांगितलं. घड्याळजी, खुर्ची, सगळं. ग्रंथपाल बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या फार समंजस होत्या.

"हे बघ, अंगात ताप असतो लोकांच्या. त्यात तुझा आवाज असा की कोणाला नाही म्हणवत नाही. तू घरातून फिरवतेस आणि ते आपले शोधत बसतात, बाईला बरं वाटावं म्हणून. आता काही दिवस ते खोल्यांचं बंद कर."

म्हणणं अगदी पटण्यासारखं होतं आणि छोटीला ते पटलं. सोमवारपासून तिने डोळे मिटा, चपला काढा सगळं सोडून दिलं. छापील प्रश्न सपाट आवाजात वाचायचे आणि उत्तर लिहायचं. हॉलच्या उंच खिडक्यांतून ऊन येत होतं, बाराही फोन वाजत होते, साहेब फेऱ्या मारत होते. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

४

सोमवारचा पहिला फोन एका बसड्रायव्हरला होता. घरात बायको, दोन मुलं. तो मागच्या खोलीत वेगळा राहत होता. छोटीने पहिला प्रश्न वाचला.

"ही इथे बसलीय ती तुमचीच का हो, मॅडम?" त्याने मध्येच विचारलं.

"कोण?"

"काल दुपारपासून आहे. तोंड नाही दाखवत. पण आवाज हुबेहूब तुमच्यासारखा. मला वाटलं, आता ऑफिसातून माणूसच पाठवायला लागले."

छोटीने पेन खाली ठेवलं. या माणसाशी ती जन्मात पहिल्यांदाच बोलत होती.

"काय म्हणते ती?"

"एकच. अजून कोणी राहिलंय का, अजून कोणी राहिलंय का. डोकं पिकवलं. मी म्हटलं, कोणी नाही बाई, मी एकटाच आहे."

"अहो, पण बायको-मुलं आहेत ना तुम्हाला?"

"आहेत तर! समोरच्याच खोलीत आहेत. असं का बोललो देव जाणे. तोंडातून निघून गेलं. आता बायको रुसून बसलीय, तिने दाराआडून ऐकलं."

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा आवाज खणखणीत होता. "गेली, मॅडम! अजून दोन-चारदा विचारलं, मग उठून गेली. तापही गेला सकाळी. बायको तेवढी अजून बोलत नाही."

गुरुवारी घड्याळजींचा फोन कोणी उचलला नाही. इस्पितळातून कळलं की ते त्याच दिवशी पहाटे गेले. छोटीला तोंडात पदर धरून हॉलबाहेर जावं लागलं. एकेचाळीस घड्याळांना आता चावी कोण देणार, हा कसलातरी वेडा विचार तिच्या डोक्यात फिरत राहिला. परत आली तर टेबलावर नवा फॉर्म होता. वय एकेचाळीस, रंगाचं दुकान, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नातेवाईक या रकान्यात लिहिलं होतं, "एक काका, संबंध नाही."

मग तिने काढलेच सगळे फॉर्म, ड्रायव्हरचा धरून सात. रोजच्या फोनच्या नोंदी शेजारी ठेवल्या. पाच जणांनी त्या पाठमोऱ्या बाईला कोणाचं ना कोणाचं नाव सांगितलं होतं. शिवणवाल्या बाईंनी परगावच्या बहिणीचं, जिला त्या दोन वर्षांत भेटल्या नव्हत्या. ज्यांची नावं सांगितली ते पाचही आता आजारी होते. ज्यांनी सांगितली त्यांतलं एकही उरलं नव्हतं. दोघांनी कोणी नाही म्हणून सांगितलं, ड्रायव्हरने आणि एका चिडक्या निवृत्त कारकुनाने. ते दोघे व्यवस्थित जेवत होते.

छोटी गणित शिकवायची. सात आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, निम्मं शहर आजारी आहे, आणि तापात माणसं काहीही बरळतात, हे तिला कळत होतं. तरी तिने साहेबांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्वतःच्या डब्यातली दोन बिस्किटं तिच्या पुढे केली.

"बाई, पाच आठवडे तुम्ही एक दिवस घेतला नाहीत. उद्या नका येऊ. ताईंपाशी बसा."

"उद्या बसते," छोटी म्हणाली. "आज हा एक फोन करू द्या."

५

पुतण्याला फोन लागला तेव्हा तीन वाजले होते. माणूस बोलका निघाला. काका गेल्याचं त्याला कळलं होतं आणि तो रडत होता.

"कशावरून भांडलो माहीत आहे का? एका घड्याळावरून. बाराला तेरा ठोके द्यायचं. गिऱ्हाइकासमोर मी हसलो. त्यावरून नऊ वर्षं, बाई! माणसाने इतकं मूर्ख असावं?"

"ते शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते," छोटी म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला आठवलं, ते नाव त्यांनी कोणाला सांगितलं होतं ते. "हे बघा, मी एक सांगते ते ऐका. कोणी तुम्हाला विचारलं ना, की अजून कोण आहे..."

"एक मिनिट हं, बाई. घसा कोरडा पडलाय. पाणी पिऊन येतो."

रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज. पावलं लांब गेली. कुठेतरी नळ सुटला. छोटी कानाला फोन लावून थांबली. समोर फॉर्म होता, मनात घड्याळजी होते. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला आणि तिच्या तोंडून पाच आठवड्यांच्या सवयीने छापील वाक्य निघून गेलं.

"अजून कोणी राहिलंय का?"

"इथलं झालं," पलीकडून उत्तर आलं. "तुमच्याकडे कोण आहे?"

किती हळुवार विचारलं होतं ते. पाच आठवडे ती दिवसाला साठ माणसांची विचारपूस करत होती, आणि तिला मात्र कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"ताई आहे ना माझी," छोटी म्हणाली. "दम्याची आहे हो. दिवसभर एकटीच असते बिचारी."

"बरं."

मग पुन्हा पावलं, जवळ येणारी, आणि पुतण्याचा भरभक्कम आवाज. "हां, बोला बाई. माफ करा, ग्लासच सापडेना."

छोटीने रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"आत्ता फोनवर कोण बोललं?"

"कोणी नाही. मी एकटा राहतो. ती होती मघाशी खुर्चीवर. ओल्या केसांची. आता दिसत नाही. उठून गेली वाटतं."

तेव्हा कुठे छोटीला कळलं की तो आवाज बाईचा होता. आणि आपलाच आवाज दुसऱ्याकडून ऐकला की ओळखू येत नाही, हेही कळलं.

६

घरचा फोन एंगेज लागत होता. तीनदा लावला, तीनदा एंगेज. ग्रंथपाल बाई "अगं, काय झालं?" म्हणेपर्यंत छोटी जिना उतरली होती.

शाळेपासून घर बारा मिनिटं. तिचा डावा गुडघा दुखरा, तरी ती पळाली. रस्ते रिकामे होते, दुकानांची शटर खाली, भर दुपारचं ऊन. काय मूर्खपणा हा, ती स्वतःला सांगत होती. ताई फोनवर असेल. ती छापखान्यातली मैत्रीण तासतास सोडत नाही. जाऊन बघू तर म्हणेल, छोटी, घोडी झालीस, पळतेस काय रस्त्यातून?

तीन मजले चढून तिने किल्लीने दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली.

न्हाणीघरात नळ ठिबकत होता. फरशी ओली होती. तिथून आतल्या खोलीच्या दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते, तिच्याच मापाचे. खुंटीवर तिचा टॉवेल नव्हता.

आतून ताईचा आवाज आला. श्वासाला शीळ लागली होती.

"किती वेळा तेच विचारशील? सांगितलं ना, कोणी नाही."

"नीट आठवा," दुसरा आवाज म्हणाला. तो छोटीचा होता. तिचा लाडीगोडीचा, तिसरीच्या वर्गातला. "डोळे मिटा. दारातून आत या. दाराशी चपला आहेत. कोणाच्या?"

"माझ्याच. जुन्या."

"बाहेर पलंग आहे. त्यावर कोण झोपतं?"

"पाहुण्यांसाठी आहे." शीळ, मग खोकला, मग पुन्हा शीळ. "येत नाही कोणी."

"दोन कप आहेत."

"एक फुटला तर दुसरा असावा म्हणून."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारी ताई एकही चूक न करता खोटं बोलत होती. छोटी न वाजवता पुढे गेली. दार नेहमीसारखं चार बोटं उघडं होतं.

ताई उशांना टेकून बसली होती. चेहरा तापाने लाल, कपाळाला केस चिकटलेले. पलंगाजवळच्या खुर्चीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. पाठीवर ओले केस, खांद्यावर छोटीचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. केसांतून पाणी ठिबकून खुर्चीखाली साचलं होतं.

त्या खांद्यावरून ताईने वर पाहिलं. दोघींची नजर भेटली.

"ता..." छोटीच्या घशात आलंच होतं.

"कोण हवंय आपल्याला?" ताईने विचारलं.

आपल्याला! चोपन्न वर्षांत ताईने तिला "तू"शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. कार्टे म्हटलं होतं, घोडे म्हटलं होतं. हा परका, शिष्टाचाराचा शब्द छोटीच्या काळजात घुसला, आणि त्याबरोबर तिला सगळं उमगलं. ड्रायव्हर कसा वाचला ते तिनेच परवा या फटीतून ताईला सांगितलं होतं. ताई एकटी आहे यावर त्या खुर्चीतलीचा विश्वास बसला पाहिजे. आपण एकदा ताई म्हटलं की सगळं मुसळ केरात. धावत जाऊन तिला मिठीत घ्यावं, पाठ चोळून द्यावी, असं छोटीचं सगळं अंग म्हणत होतं. ताईचे डोळे भरले होते, पण पापणी हलत नव्हती. लहानपणी झाडावर चढलेल्या छोटीला ती याच नजरेने खाली उतरवायची.

"माफ करा," छोटी म्हणाली. स्वतःच्याच आवाजाची तिला भीती वाटली, म्हणून तिने तो घोगरा काढला. "मजला चुकला वाटतं."

"होतं असं. जाताना दार ओढून घ्या."

खुर्चीतलं डोकं हळूहळू वळायला लागलं. ओल्या केसांतून कानाची पाळी दिसली, कानात छोटीचीच बारीक रिंग होती, आणि मग गालाची कड. पुढचं पाहायला छोटी थांबली नाही. दाराशी पोचली तेव्हा तिला तिथे स्वतःच्या घरातल्या सपाता दिसल्या, आणि जाताना तिने त्या उचलून पदराखाली घेतल्या.

७

एक मजला उतरून ती पायरीवर बसली. सपाता मांडीवर.

डॉक्टरांना बोलवावं? ते दारातच विचारणार, घरात अजून कोण असतं? ग्रंथपाल बाईंना? त्या ताईंचं नाव घेत रडतच येणार. पाच आठवडे छोटीने सगळ्या शहराला हाच एक प्रश्न विचारायला शिकवलं होतं. आता ताईजवळ पाठवावं असं एकही माणूस तिला सुचेना. ड्रायव्हरला दीड दिवस लागला होता. ताईला तेवढा श्वास पुरेल का?

वर दार बंद होतं, तरी ऐकू येत होतं. खोकला. मग तो हळुवार प्रश्न. मग ताईचं "नाही." पुन्हा खोकला, पुन्हा प्रश्न, पुन्हा "नाही." मध्ये औषधाच्या फवाऱ्याचा सुस्कारा. छोटी मोजत होती. दोन "नाहीं"मधलं अंतर वाढलं की तिचा जीव खालीवर होई. धीर धर गं, ती मनातल्या मनात म्हणत होती, आवाज फुटू नये म्हणून ओठ दाताखाली धरून. हट्टी आहेस ना तू? मग कर ना आज हट्ट. आयुष्यभर माझ्यावर केलास, आज तिच्यावर कर.

खालून काठीची टकटक आली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा गच्चीवर ऊन खायला निघाले होते. कानाने ठार बहिरे, त्यामुळे सगळ्या जगाशी ओरडून बोलायचे. छोटीला पाहून ते थबकले. तिने घाईने ओठांवर बोट ठेवलं, पण त्यांना दिसतही कमीच होतं.

"अगं, इथे काय बसलीस?" त्यांचा आवाज जिनाभर घुमला. "ताई बरी आहे ना तुझी?"

वरचा प्रश्न अर्ध्यात थांबला. खोकलाही थांबला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि मग ओल्या पावलांचा, सावकाश दाराकडे येणारा.

छोटी उभी राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"कोण ताई?" ती म्हणाली.

"काय?" आजोबांनी कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं!"

मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, वरच्या बंद दाराआड ताईला एकेक शब्द स्पष्ट ऐकू जाईल असं ती म्हणाली, "कोण ताई, आजोबा? मला ताई नाहीच. वर ज्या बाई राहतात, त्यांचं या जगात कोणी नाही."